बोलती होडी

४ सप्टेंबर

आलो एकदाचा. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली आणि ड्रायव्हरने मला विचारलं, इथे उतरून करणार काय. मी सांगितलं, होड्या. त्याने पुढे काही विचारलं नाही.

मेहुणा घ्यायला येईल असं वाटलं होतं. जीप घेऊन आली त्याच्या कॅम्पवरची स्वयंपाकीण. साहेबांनी गाडी चालवणं सोडलंय म्हणे. नदीवरच्या माणसांचे नखरे वेगळे असतात, हे पहिल्याच दिवशी कळलं.

माझी सगळी नोकरी बसस्थानकावर काचेच्या केबिनमध्ये गेली. अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे, हे सांगणारा आवाज माझा. गेल्या वर्षी माझ्या जागी यंत्र बसवलं. त्यात एका मुलीचा आवाज आहे. ती चुकत नाही, आणि तिला चहाही लागत नाही. घरी बसल्यावर माझी सवय सुटेना. भात झाला की मी तसं जाहीर करायचो. दारात दूधवाला आला की तो कुठून आला आणि किती उशिरा, तेही. बायकोने हे काही दिवस सोसलं आणि मग आपल्या धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, भावोजींना इकडे पाठव.

हा मेहुणा लोकांना कयाकमधून जंगलातल्या नदीवर फिरवून आणतो. तीन दिवसांची सफर, रात्री काठावर तंबू. कॅम्पच्या फाटकावर पाटी आहे: सर्वांसाठी. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी. पोहता न येणाऱ्यांसाठीसुद्धा. ही शेवटची ओळ मला बघून लिहिल्यासारखी वाटली.

एक हंगाम बघा, असं घरून बजावलेलं आहे. नाहीच जमलं तर साडूच्या दुकानात बसायचं. साडू नळाच्या तोट्या विकतो. तोट्यांबद्दल बोलण्यासारखं फार नसतं.

५ सप्टेंबर

इथे मेहुण्याला सगळे कप्तान म्हणतात. मीही म्हणू लागलो, कारण नदीवर नाती सांगत बसायला वेळ नसतो. तो मात्र मला भावोजीच म्हणतो.

सकाळी कमरेएवढ्या पाण्यात माझी शिकवणी झाली. लाइफ जॅकेटचा एकेक पट्टा त्याने बोटांनी चाचपून घट्ट केला. नजर मात्र पार दुसरीकडे, समोरच्या झाडीत. मग मला होडीत बसवलं आणि होडी उलटी केली. त्याचा नियम असा की प्रत्येक पाहुण्याने पहिल्या दिवशी मुद्दाम उलटायचं, म्हणजे पुढे भीती राहत नाही. "आधी घाबरायचं नाही, मग बाहेर यायचं," त्याने सांगितलं होतं. मी क्रम बदलला. आधी बाहेर आलो आणि मग निवांत घाबरलो.

संध्याकाळी काम ठरलं. मी सगळ्यांच्या पुढे राहायचं, तो सगळ्यांच्या मागे. वाटाड्या मागे कसा, असं मी विचारलं. मागून सगळे नजरेत राहतात, तो म्हणाला. हे पटण्यासारखं होतं. नवखा माणूस असेल त्याला तो आपल्या शेजारी ठेवतो. रस्ता चुकण्यासारखा एकच आहे: दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध खडकांचं बेट येतं आणि पाण्याचे दोन भाग होतात. त्या जागेला हे लोक कातर म्हणतात. उजवी धार साधी आहे. डावी पुढे जाऊन दोन माणसांच्या उंचीवरून खाली पडते. कातर आली की उजवीकडे. एवढंच लक्षात ठेवायचं.

"आणि बोलत राहायचं," तो म्हणाला.

काय बोलायचं, मी विचारलं.

"काहीही. दिसेल ते. फक्त थांबू नका."

पन्नाशी उलटली. आजवर मला गप्प बसायला सांगणारे पुष्कळ भेटले. बोलत राहा म्हणणारा हा पहिलाच.

९ सप्टेंबर

पहिली सफर पार पडली. कोणी बुडालं नाही, त्यात मीही आलो.

माझी होडी नारिंगी आहे आणि डोक्याला तसलीच भडक टोपी. मी पुढे आणि मागे रंगीत होड्यांची रांग. सुरुवातीला काय बोलावं सुचेना, म्हणून नेहमीचंच सुरू केलं. "डाव्या हाताला बुडालेला ओंडका आहे. प्रवाशांनी कृपया उजवीकडून यावे." लोक हसले. एका आजोबांनी पुढची गाडी कधी आहे असं विचारलं. मीही मग रंगात आलो. वळण, उथळ जागा, झाडावरचा बगळा, पाण्यात वाकलेली फांदी, सगळं जाहीर केलं. पाणी प्यायला मी जरा थांबलो की लगेच मागून कप्तानचा आवाज यायचा: "पुढे?"

माणसाला ऐकायची इतकी हौस असू शकते, हे मला माहीत नव्हतं.

१५ सप्टेंबर

आज सुट्टी. मेहुण्याबद्दल दोन शब्द, कारण त्याच्यासमोर बोलता येत नाहीत.

नदीवर तो राजा आहे यात वाद नाही. पण जमिनीवर आला की त्याचं काही खरं नाही. काल चुलीशेजारची किटली लाथाडली. ती तिथे रोजच असते, फक्त काल हातभर बाजूला होती. त्याच्या तंबूपासून स्वयंपाकघरापर्यंत दोरी बांधलेली आहे. कपडे वाळत घालायला असेल म्हटलं, तर तिच्यावर कधी रुमालही दिसत नाही. सूर्य कलला की हा कोंबडीसारखा तंबूत शिरतो. पाहुणे शेकोटीभोवती गप्पा मारत असतात आणि यजमान आत. डब्यावरची तारीख वाचायची असली की चष्मा सापडत नाही, आणि वाचायला मी. नवीन पाहुण्यांना हा आपापली नावं मोठ्याने सांगायला लावतो, पुन्हा पुन्हा, शाळेतल्या हजेरीसारखी. आणि अलीकडे तर चहाचा कप समोर ठेवलेला चालत नाही. हात पुढे करून बसतो, त्यात नेऊन द्यावा लागतो.

हे सगळं मी टेकडीवर जाऊन, म्हणजे जिथे फोन लागतो तिथे, बायकोला सांगितलं. भाऊ मोठा झाल्यावर डोक्यात हवा गेलीय, असंही म्हणालो. ती म्हणाली, "कप त्याच्या हातातच देत जा."

भावाचे लाड अजून संपलेले नाहीत.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. बोलायचे विषय संपल्यामुळे मी आताशा स्थानकावरच्या गोष्टी सांगतो. परवा त्या म्हातारीची सांगत होतो. ती रोज केबिनच्या खिडकीशी येऊन एकाच गाडीची चौकशी करायची. मी फलाट सांगायचो, ती मान हलवायची, आणि गाडी निघून गेली तरी बाकावर बसून राहायची. पाहुण्यांपैकी निम्मे ऐकत नव्हते. तेवढ्यात काठ आला आणि गोष्ट अर्धवट राहिली.

२३ सप्टेंबर

वारा फार. होड्या बाहेर काढल्या नाहीत.

स्वयंपाकीण मला रोज सकाळी गरम पाण्यात मध घालून देते आणि समोर उभी राहून प्यायला लावते. गळा जपा, म्हणते. स्थानकावर माझ्या गळ्याची इतकी काळजी कोणी घेतली नव्हती. मी वजन वाढवून बसलोय इथे. म्हणजे शरीराचं नव्हे.

२ ऑक्टोबर

नवी तुकडी. एक दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको, दोघंही वल्हवण्यात तरबेज. आणि बँकेत काम करणारी एक बाई, एकटीच आलेली, होडीत पहिल्यांदाच बसणारी. उलटण्याचा कार्यक्रम झाल्यावर ती थरथरत होती, पण पुन्हा करू का, असं तिनेच विचारलं. कप्तानला ती आवडली. तिला त्याने आपल्या शेजारची जागा दिली.

पहिला मुक्काम गाठला. होड्या काठावर ओढत असताना डॉक्टर माझ्याकडे आला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला की आपण इथे जंगलाची शांतता ऐकायला आलो आहोत, तेव्हा उद्या जरा कमी बोललात तर बरं. दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावणारा माणूस मला तोंड बंद ठेवायला सांगत होता. मी कप्तानकडे गेलो. तो म्हणाला, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, उद्या कातर आहे, तुम्ही नेहमीसारखं बोला.

तेवढ्यावर मिटलंही असतं. पण तंबूचं कापड पातळ असतं. जेवणानंतर डॉक्टर आपल्या बायकोला माझी नक्कल करून दाखवत होता. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." हुबेहूब. दोघंही हसत होते. मग बँकवालीचं हसूही ऐकू आलं, आणि ते जास्त लागलं.

ठीक आहे. शांतता हवी, शांतता मिळेल. उद्या माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही. यंत्र बसवा म्हणावं.

३ ऑक्टोबर

क्रमाने लिहितो.

सकाळपासून मी बोललो नाही. आकाश स्वच्छ होतं, ऊन पाण्यावरून थेट डोळ्यांत येत होतं. मागून कप्तानने दोनदा हाक मारली. "भावोजी, काय दिसतंय?" मी मागे न बघता हात वर केला. सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ होतो, त्यानेच शिकवलेला. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. पुन्हा हात वर केला. यापेक्षा जास्त बोलणार नव्हतो. माझा रुसवा मला फार शोभून दिसत होता.

कातर आली. मी उजवीकडे वळलो, डॉक्टर आणि त्याची बायको माझ्यामागून वळली. उजवी धार संपून संथ पाणी लागल्यावर डॉक्टरने विचारलं, मागचे दोघं कुठे आहेत.

मागे कोणी नव्हतं. मग बेटाच्या पलीकडून शिट्टी ऐकू आली. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना.

होडी खडकावर चढवली, उतरलो आणि बेट ओलांडून पळत सुटलो. डॉक्टर मागून येत होता. पलीकडे डाव्या धारेत एक झाड आडवं पडलेलं होतं. बँकवालीची होडी त्याला अडकून कलली होती. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं होतं, आणि तिने दोन्ही हातांनी एक फांदी घट्ट धरली होती. त्याच्या थोडं पुढे पाणी दिसेनासं होत होतं. फक्त त्याचा आवाज येत होता.

कप्तान तिच्याजवळच होता. होडी झाडाला टेकवून त्याने वल्हं पुढे केलं होतं, तिला धरायला. पण ती त्याच्या डाव्या हाताला होती आणि तो उजवीकडे वल्हं फिरवत होता. ती ओरडत होती, पण खडकांवरून तिचा आवाज चहूकडून येत होता. तो मान वळवून इकडे बघे, तिकडे बघे. दोन हातांवर असलेली बाई त्याला दिसत नव्हती.

तेव्हा मला कळलं. किटली, दोरी, कप, नारिंगी टोपी. सगळं एकदम कळलं.

मी केबिनमधल्या आवाजात बोललो. तो आवाज ओरडण्याचा नसतो, पोचण्याचा असतो. "कप्तान, तुमच्या डाव्या हाताला. वल्हं डावीकडे. अजून. खाली. थांबा. तिच्या हाताजवळ आहे." बाईला म्हणालो, "वल्हं धरा, फांदी सोडा." तिने आधी वल्हं धरलं आणि बऱ्याच वेळाने फांदी सोडली. तिची होडी लगेच सुटली, झाडाखालून गेली आणि दिसेनाशी झाली. मग खालून ती आपटल्याचा आवाज आला. तो मला विसरता येणार नाही.

ती कप्तानच्या होडीला मागून लटकली होती. "आता माझ्याकडे या," मी म्हणालो आणि बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. डॉक्टर म्हणतो, मधेच मी फलाटाचे नंबर सांगत होतो. कप्तान एकेक वल्हं मारत सरळ माझ्या आवाजावर आला. डॉक्टर कमरेपर्यंत पाण्यात उतरला आणि त्याने दोघांनाही ओढून घेतलं.

बाईचा एक बूट गेला. बाकी सगळे शाबूत आहेत. आज पुढे जाणं शक्य नाही. इथेच तंबू ठोकलेत.

४ ऑक्टोबर

सकाळी कप्तानने सगळ्यांना बसवलं आणि स्वतःच सांगितलं. गेल्या वर्षीपासून डोळे जात आहेत. मधलं थोडं दिसतं, बाजूचं नाही. अंधारात काहीच नाही. चकाकी असली तरी नाही. उपाय नाही. हा हंगाम निघेल असं वाटलं होतं.

डॉक्टरने त्याला जे बोलायला हवं होतं ते सगळं बोलून घेतलं. लोक तुमच्या भरवशावर जीव होडीत टाकतात आणि तुम्ही त्यांना अंधारात ठेवता. कप्तान म्हणाला, "बरोबर आहे." त्याने स्वतःची बाजू मांडली नाही. कप्तानच्या मागोमाग डाव्या धारेत गेलेली बँकवाली अंगाभोवती चादर लपेटून बसली होती. तिने एवढंच विचारलं की आता इथून बाहेर कसं पडायचं. वायरलेसवरून खालच्या कॅम्पच्या वल्हेकरणीला बोलावलं आहे. ती दुपारपर्यंत येईल आणि पुढे राहील.

मग आम्ही दोघंच काठावर बसलो. मला त्याचा राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त. कालचं माझं मौन मी त्याला सांगितलं, कारणासकट. तो म्हणाला, चूक तुमची नाही, जे माहीतच नव्हतं त्याची जबाबदारी कशी. हे ऐकूनही बरं वाटलं नाही. मला आणखीही एक गोष्ट लागली होती, ती विचारल्याशिवाय राहवेना.

"म्हणजे मला बोलावलं ते गळ्यात बांधायची घंटा म्हणून."

"हो," तो म्हणाला. "आधी तसंच."

मी उठणार होतो. त्याने माझी बाही धरली. पहिल्या प्रयत्नात सापडली नाही, दुसऱ्यात सापडली.

"त्या म्हातारीचं काय झालं?" त्याने विचारलं. "गाडीत बसली का ती कधी? तुम्ही अर्धवट सोडलंत."

मी सांगितलं, मला माहीत नाही. माझ्या जागी यंत्र आलं तोवर तरी ती रोज येत होती. यंत्राला खिडकी नसते. पुढे ती कोणाला विचारत असेल, देव जाणे.

तो मान हलवून तसाच बसून राहिला. कोणाला इतकं ऐकताना मी पाहिलं नव्हतं.

दुपारी वल्हेकरीण आली. होडीत बसताना डॉक्टर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, आज बोलणार ना. मी बोललो, पण नेहमीसारखं जमलं नाही. प्रत्येक शब्द तोंडातून काढण्याआधी तपासावा लागत होता. आधी मी उगाच बोलायचो तेव्हा किती सोपं होतं.

७ ऑक्टोबर

बायकोला फोन केला. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. भावाने शपथ घातली होती. स्वयंपाकिणीलाही ठाऊक होतं. म्हणजे फक्त मला आणि पाहुण्यांना नव्हतं. मला का सांगितलं नाही, मी विचारलं.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्या नदीला सांगितलं असतं," ती म्हणाली.

हे खरं आहे. आणि सांगायलाच हवं होतं, हेही खरं आहे. दोन्ही तिला ऐकवलं. ती रडायला लागली. मग मी तिला इथलं हवामान सांगितलं.

१६ ऑक्टोबर

हंगामाच्या उरलेल्या सफरी वल्हेकरीण नेणार. कप्तानकडे पहिल्या दिवसाची शिकवणी राहील, कमरेएवढ्या पाण्यातली. त्याला हातच पुरतात. येणाऱ्या प्रत्येकाला तो डोळ्यांचं आधी सांगतो. एक कुटुंब ऐकून परत गेलं. त्याने त्यांना फाटकापर्यंत सोडलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

वल्हेकरीण पुढे राहते आणि तिला सगळं दिसतं. तिला मी बोललेलं चालतं, न बोललेलंही चालतं. पुढच्या हंगामात माझं काय, हा विषय कोणी काढलेला नाही. साडूचा निरोप आला आहे, दुकानात माणूस हवा आहे म्हणून.

२९ ऑक्टोबर

शेवटची सफर. कप्तान म्हणाला, मला एकदा यायचंय. वल्हेकरणीने थोडा विचार केला आणि मग दोघांची जोडहोडी काढली. ती होडी मागे बसणारा वळवतो. मला वाटलं, मागे मी बसणार. तो म्हणाला, "नाही, तुम्ही पुढे. डोळे पुढे हवेत."

वल्हेकरीण सगळ्यांच्या आधी, मध्ये पाहुणे, शेवटी आम्ही. पहिला दिवस मी नेहमीसारखा बोललो. ओंडका, उथळ, फांदी. तो मागे न चुकता वळवत होता.

आज सकाळी निघाल्यावर थोड्याच वेळात तो म्हणाला, "भावोजी, जरा गप्प बसा."

मला वाटलं माझं काही चुकलं. तसं विचारलंही. चुकलं नाही म्हणाला. मला नदी ऐकायची आहे, म्हणाला.

मी गप्प बसलो. चांगलाच वेळ. त्याच्या वल्ह्याचा आवाज मागून येत होता, एका लयीत, कुठेही घाई नाही. मी मागे वळून बघितलं नाही. जोडहोडीत पुढच्याने मागे वळलं की होडी डगमगते, हे एक कारण. दुसरं मी लिहीत नाही.

मग पुढे कुठेतरी पाणी बदललं. आजवर तिथून जाताना मी सतत बोलत असायचो, त्यामुळे मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. एकाचे दोन आवाज झाले. डावीकडचा जड, उजवीकडचा हलका.

"कातर," तो म्हणाला. मला बेट अजून दिसलंही नव्हतं. मग वळणाआडून खडक दिसले. वल्हेकरीण आणि पाहुणे उजवीकडे निघून गेले.

"हं, आता बोला," तो म्हणाला.

त्याला कुठे जायचं ते माझ्याइतकंच कळत होतं. तरी तो वल्हं वर उचलून थांबला होता. वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. झाड अजून डाव्या धारेत आडवं पडलेलं आहे, ऊन आज डोळ्यांवर नाही, बँकवालीचा बूट काही कुठे दिसत नाही.

"उजवीकडे," मी म्हणालो.

तेवढं पुरलं. त्याने होडी वळवली.